पाऊस नाही, झाडं गळतायत

"वायपर लाव," लोरेटा म्हणाली.

"कशाला? पाऊस कुठाय?" गॉर्डीने खिडकीतून हात बाहेर काढला, आत घेतला आणि पँटला पुसला. "झाडं गळतायत."

समोरची काच पांढरी झाली होती आणि पिकअप निव्वळ अंदाजाने चालली होती, तरी गॉर्डी कोस्की वायपर लावणार नव्हता. अमेरिकेतल्या ऑलिम्पिक डोंगरांच्या ह्या समुद्राकडच्या अंगाला वर्षाला बारा-बारा फूट पाऊस पडतो, आणि वायपर लावणं म्हणजे त्याच्यापुढे हार मानणं, अशी इथल्या पुरुषांची समजूत आहे. गॉर्डीच्या वडिलांनी सत्तर साली एकदा वायपर लावले होते. त्याची चर्चा अजून होते.

लोरेटाला मात्र पाऊस आहे की नाही हे कळायलाच हवं होतं. ती धनुष्याने एल्कची, म्हणजे इथल्या थोराड सांबराची, शिकार करायची, आणि पावसात बाण सोडायचा नाही, असा तिचा नियम होता. कोळ्याने ओल्या पाण्यात जाळं टाकायचं नाही असं ठरवावं, तसलाच हा प्रकार. शिकारीचे चोवीस सीझन झाले होते. एल्क, शून्य.

गावात तिला 'कोरडी लोरेटा' म्हणायचे. एकतीस वर्षं ती शाळेची बस चालवत होती आणि एवढ्या वर्षांत बसचा एक आरसासुद्धा तिने फोडला नव्हता, पण त्यावरून कोणी नाव ठेवलं नाही. कॉफी प्यायला बसलेले लोक म्हणत, "लोरेटा धनुष्य घेऊन निघाली. छत्री घ्या रे." इथे छत्री कोणीच घेत नाही, त्यामुळे लोक दोनदा हसत.

पहिल्या सीझनला तिला हा नियम नव्हता. तेव्हा तिने एका मादीला बाण मारला, जरासा मागे लागला, आणि वरून धो धो सुरू झालं. दहा मिनिटांत नेच्यांवरचं सगळं रक्त धुऊन गेलं. ह्या जंगलात घोड्याएवढं जनावर वीस पावलांवर मरून पडलं तरी दिसत नाही. नेचे छातीपर्यंत, त्याखाली आडवे पडलेले ओंडके, त्यावर हातभर शेवाळ. तिने चार दिवस शोधलं. पाचव्या दिवशी पलीकडच्या खोऱ्यावर कावळे घिरट्या घालताना दिसले. त्या हिवाळ्यात तिने घरातला अर्धा फ्रीजर, त्या मादीच्या मांसाची जागा म्हणून, रिकामा ठेवला, आणि त्यात कोणाला मटारसुद्धा ठेवू दिले नाहीत.

"उद्या किती वाजता?" गॉर्डीने विचारलं.

"सहाला. उपाशीपोटी."

उद्या ऑपरेशनसाठी तिचा उजवा खांदा उघडणार होते. "डॉक्टर म्हणाला, नंतर बस चालवता येईल, भांडी घासता येतील, धनुष्य विसरा," ती म्हणाली. "भांड्यांचं त्याने आनंदाची बातमी म्हणून सांगितलं."

"मग आज तो नियम-बियम ठेव गुंडाळून. शेवटचा दिवस आहे, बाई. दिसला की सोड. रे असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं."

रे म्हणजे लोरेटाचा नवरा, गॉर्डीचा थोरला भाऊ. जाऊन सहा वर्षं झाली होती.

"रे असता तर त्याने वायपर लावले असते."

मेलेल्या भावावरचा हा आरोप गॉर्डीला लागला.

लाकूडतोडीचा रस्ता जिथे संपतो तिथे त्याने गाडी लावली. त्याचे गुडघे गेलेले, त्यामुळे तो गाडीपाशीच थांबणार होता. उतरल्या उतरल्या त्याने पहिला पाय ओहोळात घातला आणि मग बरोबरी व्हावी म्हणून दुसराही.

"काही लागलं तर शिट्टी मार," तो म्हणाला.

लोरेटाने एल्कचा आवाज काढायची रबरी शिट्टी तोंडात टाळूला लावलेली होती. ती मादीसारखी "ईयाऽ" करून निघून गेली. तिची उत्तरं गॉर्डीला अशीही समजत.

अकराच्या सुमाराला ती एका उन्मळून पडलेल्या देवदाराआड गुडघ्यावर बसली होती. वारा कुठून येतोय हे बघायला तिच्याकडे पावडरची बाटली होती, पण पावडरीची केव्हाच खीर झाली होती. तिने ओलं बोट वर धरलं. बोट सगळीकडूनच गार लागलं. मग तिने मादीचा आवाज काढला.

समोरून उत्तर आलं. आधी बासरी, मग गंजलेलं फाटक, मग ढेकर. नर होता.

ह्या जंगलात एल्क येताना दिसत नाही. आधी काही नसतं, मग असतो. बारा पावलांवर, मेपलच्या काटक्यांच्या जाळीतल्या एकुलत्या एका खिडकीत, त्याची पूर्ण बरगडी उभी राहिली. शिंगांना नेच्यांचा झुपका अडकला होता. लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता तो.

लोरेटाने धनुष्य ओढलं. खांदा किंचाळला, पण तो खांद्याचा प्रश्न होता.

आणि तिच्या टोपीवर थेंब पडला.

पाऊस, की झाडं गळतायत? वर बघता येत नव्हतं. मान हलली की तो गेला. पाऊस थांबल्यावरही ही झाडं दोन-दोन तास गळत राहतात, आणि ह्यावरून गावात मारामाऱ्या झालेल्या आहेत. नराच्या मागे एक डबकं होतं. त्यात वलयं उठत होती. पण डबक्यावर एक फांदीही वाकलेली होती. एक वलय. दोन. पाऊस? फांदी? तिसरं वलय.

माहीत नव्हतं.

ताणलेला बाण सोडणं सोपं असतं, बोट हललं की झालं. ताणलेली दोरी बाणासकट परत आणायची तर सगळं वजन एका खांद्यावर येतं. तिने दाताखाली ती रबरी शिट्टी चावून धरली आणि दोरी इंच इंच परत आणली. आवाज केला नाही. नर तसाच उभा राहिला, तिच्याकडे बघत. मग वळला, आणि नव्हता.

लोरेटा तशीच बसून राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, खांद्यामुळे. पण मान ताठ होती. शाळेसमोर बस अगदी रेषेवर उभी केली की तिची मान अशी व्हायची.

ती रस्त्यावर आली तेव्हा गॉर्डी अनवाणी बसला होता.

"दिसला?"

"बारा पावलांवर."

"मग?"

"पाऊस होता." ती थांबली. "होता ना? अकराला? इथे?"

गॉर्डीने तिच्या खाली लोंबणाऱ्या हाताकडे बघितलं.

"होता म्हणजे? अगं, धो धो! मला वाटलं तू वाहून गेलीस."

लोरेटाची नजर बॉनेटवर गेली. तिथे त्याचे सॉक्स पसरलेले होते. तिने डाव्या हाताने एक उचलला. खडखडीत वाळला होता, कुरकुरीत म्हणावा इतका.

"ते मी आत्ताच ठेवले," गॉर्डी म्हणाला.

"मला खरंच कळलं नव्हतं, गॉर्डी. म्हणून नाही सोडला."

"पाऊसच होता, म्हणतोय ना."

"बरं." तिने सॉक्स त्याच्या हातात दिले. "घाल हे. एवढ्या पावसात पाय गारठतील."

त्याने निमूटपणे सॉक्स घातले. धनुष्य मागच्या सीटवर आडवं ठेवलं, आणि वर आपला कोट घातला. मग गाडी सुरू केली, समोर बघत हात पुढे नेला आणि वायपर लावले.

काच कोरडी होती. वायपर किरकिरत इकडून तिकडे फिरत राहिले. हायवे लागला, गाव आलं, कॉफीच्या दुकानातल्या लोकांनी काचेला नाक लावून बघितलं, तरी गॉर्डी कोस्कीने ते बंद केले नाहीत.