चौदावी शाल

आमच्या कामठ्यात माजी सैनिकांचा सन्मान करणारं महिला मंडळ निघालं, तेव्हा मंडळात बाया चौदा होत्या आणि गावात लढाई पाहिलेला माजी सैनिक एक होता. हे प्रमाण कुणालाच खटकलं नाही. लग्नात एका नवरदेवामागे यापेक्षा जास्त बाया असतात आणि लग्न लागतंच.

मंडळ म्हणजे खरं तर आमचा जुना बचत गट. एकोणीस वर्षं बचत करून बाया कंटाळल्या होत्या, काहीतरी देशासाठी करावं असं त्यांच्या मनात आलं. अध्यक्ष माझी सासू, भागीरथाबाई. सचिव मी, रचना, कारण माझ्या मोबाईलवर मराठी टाइप होतं. एवढ्याशा पात्रतेवर मला लग्नातसुद्धा कुणी पसंत केलं नव्हतं.

सव्वीस जानेवारीला, रविवारी, पहिली सभा भरली. सत्कारमूर्ती उदारामकाका समोर खुर्चीवर बसले होते. वय चौऱ्याहत्तर, एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी फौजेत, छातीवर एक पदक. काका बौद्ध, त्यामुळे ओवाळणं नको, कुंकू नको, नारळ नको असं आधीच ठरलं होतं. राहिली शाल. सगळा सन्मान त्या एका शालीवर आला, आणि मग प्रश्न उभा राहिला की शाल घालायची कुणी.

 मग सासूबाईंनी रजिस्टर उघडलं. बचत गटाच्या काळापासून पहिल्या पानावर एकच नियम जाड पेनाने लिहिलेला आहे: सर्व कामे नंबराप्रमाणे. मशीन आली तरी नंबराप्रमाणे, सतरंजी धुवायची तरी नंबराप्रमाणे.

"नियम तं नियम हाय," सासूबाई म्हणाल्या. "दर रविवारी एक बाई, एक शाल."

"आन सैनिक?" मी विचारलं.

"सैनिक थोच."

म्हणजे चौदा रविवार, चौदा शाली आणि एक उदारामकाका. मी तसा ठराव लिहिला. आजही वाचला तर त्यात व्याकरणाची एकही चूक नाही.

तेवढ्यात मागून रुक्माकाकू उठल्या. रुक्माकाकूंचा नंबर चौदावा. एकोणीस वर्षांपूर्वी गटाची नावं लिहिली गेली त्या दिवशी त्या धानाच्या रोवणीवरून आल्या, पाय धुवायला विहिरीवर थांबल्या, आणि तेवढ्यात तेरा नावं लिहून झाली. त्या पाय धुण्याची किंमत त्या अजून मोजत आहेत. शिलाई मशिनी आल्या, त्या तेरा. बकऱ्या चौदा आल्या, पण चौदावी गाडीतून उतरता उतरताच कुणाच्या तरी तुरीत शिरली आणि परत दिसली नाही. अभ्यास दौऱ्याच्या गाडीत जागा संपली म्हणून रुक्माकाकूंना ड्रायव्हरशेजारी इंजिनवर, मागे तोंड करून बसवलं. आम्ही जे जे पाहिलं ते सगळं त्यांनी निघून जाताना पाहिलं.

"माहा नंबर येईपर्यंत," त्या म्हणाल्या, "थो बुढा पुरंल का?"

उदारामकाका समोरच होते. त्यांनी प्रश्नाचा नीट विचार केला.

"पुरीन," ते म्हणाले. "तब्येत बरी हाय."

रुक्माकाकू खाली बसल्या. त्याच आठवड्यात त्यांनी गोंदियाला जाऊन शाल आणली. लाल, जाड, दुकानातली सगळ्यात गरम. पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवली, आणि दर रविवारी सत्काराला येण्याआधी अंगणात ऊन दाखवायला काढायच्या. शाल आणि रुक्माकाकू, दोघी वाट पाहत होत्या.

भाषण एकच होतं. ते मी लिहिलं होतं, हे इथे कबूल करते. काकांविषयी मला फौज आणि पदक एवढंच माहीत होतं, म्हणून बाकीचं मी अंदाजाने भरलं: गोळ्यांचा वर्षाव, शत्रूची दाणादाण, असं. पहिल्या रविवारी सासूबाईंनी ते वाचलं. पण दर बाईला वाटायचं की आपल्या रविवारी काहीतरी वेगळं झालं पाहिजे. तिसऱ्या रविवारी ओमेश्वरीबाईंनी एक रणगाडा घातला. चौथ्या रविवारी त्याचे तीन झाले. सातव्या रविवारी काका पुराची नदी पोहून गेले. गावच्या तलावात काका घोट्याच्या वर जात नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, पण टाळ्या पडल्या.

तेराव्या रविवारी काकांनी शत्रूचं विमान पाडलं.

त्याच क्षणी जवळच्या बिरसी विमानतळावरचं, शिकाऊ वैमानिकांचं विमान नेमकं डोक्यावरून गेलं. सगळ्यांनी वर पाहिलं. मग सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका आपल्या चपलांकडे पाहत होते.

दर रविवारी ते भाषणानंतर उठायचे. "मले जरा दोन शब्द," म्हणायचे. आणि सासूबाई त्यांना खांद्याला धरून बसवायच्या. "भाऊ, तुमी बसा ना. आज तुमाले काईच करायचं नाई." मग आभार व्हायचे, चहा व्हायचा आणि काका शाल घेऊन घरी जायचे. फेब्रुवारीपर्यंत त्या शाली त्यांनी बकऱ्यांच्या अंगावर टाकल्या. एप्रिलमध्ये बकऱ्यासुद्धा नाही म्हणू लागल्या.

या सगळ्याला पहिल्या रांगेत एक माणूस नियमित हजर असायचा: शालीकराम. वय त्र्याहत्तर, होमगार्डचा जुना गणवेश, इस्त्री केलेला. टाळीला सुरुवात नेहमी त्याची.

"माहा बी विचार करा," तो दर वेळी सासूबाईंना म्हणायचा.

"तू लढाईत कोठी होता?"

"गोंदियाच्या मालधक्क्यावर. पंधरा रात्री पहारा देल्लो."

"दुश्मन आलता का तिथं?"

"मी होतो ना. कसा येईल?"

सासूबाई म्हणायच्या, पाहू.

तेराव्या रविवारनंतर चार दिवसांनी उदारामकाका गायब झाले. दाराला कुलूप, बकऱ्या शेजारी, आणि दारावर खडूने लिहिलेलं: 'सत्कार नोको. चिचगडले पोरीकडं चाललो.' खाली सही आणि तारीख. फौजेतली शिस्त होती ती.

तातडीची सभा भरली. अजेंड्यावर एकच विषय होता, पळालेला सत्कारमूर्ती. रुक्माकाकू शाल घेऊनच आल्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून तेरा रविवार ऐकून ऐकून त्यांनी भाषण पाठ केलं होतं, रणगाड्यांसकट, विमानासकट. सभेआधी त्या कोपऱ्यात पुटपुटत होत्या. बातमी कळल्यावर पुटपुटणं थांबलं.

"आता काय करतं," सासूबाई म्हणाल्या. "रुक्मे, तू शालीकराम घेऊन घे."

दारात उभा असलेला शालीकराम ताठ झाला. तो कधीपासून उभा होता कुणास ठाऊक.

रुक्माकाकू रडल्या नाहीत. शालीची घडी मांडीवर सरळ करत म्हणाल्या, "मशीन सरली, मी काई म्हटली नाई. बकरी पळाली, मी काई म्हटली नाई. आता माणूस पळाला. ह्या बारीले मी म्हणून राहिली. माह्यासाठी नेहमी सरल्यावरचंच काऊन?" मग दाराकडे वळून त्या म्हणाल्या, "शालीकरामभाऊ, तुमाले नाई म्हटलं. तुमी चांगले हा."

"समजलं," शालीकराम म्हणाला.

 तेरा बाया आपापल्या घरच्या तेरा मशिनींचा विचार करत होत्या, असं मला वाटलं. सासूबाईंनी रजिस्टर उघडलं, नियम पुन्हा वाचला, एक ओळ होती तरी दोनदा वाचला, आणि बंद केलं.

"चिचगड किती दूर हाय?" त्यांनी विचारलं.

सत्तावीस एप्रिलला, रविवारी, मंडळ टाटा मॅजिकने निघालं. चौदा बाया, टाळ्यांसाठी शालीकराम, आणि टपावर बांधलेली सत्काराची खुर्ची, कारण दुसऱ्या खुर्चीवर सत्कार झाला तर तो धरायचा का यावर एकमत झालं नाही. ऊन असं होतं की देवरीच्या पुढे जंगल लागलं तरी सावलीच गरम लागत होती. यावेळी रुक्माकाकूंना पुढे बसवलं, तोंड रस्त्याकडे. त्या वाटभर भाषण म्हणत होत्या. ड्रायव्हरला विमानाचा भाग फार आवडला.

उदारामकाका पोरीच्या अंगणात नुसत्या बनियनवर बसून वाळलेली मोहफुलं निवडत होते. गाडी थांबली. त्यांनी आधी खुर्ची पाहिली, मग आम्हाला. मग त्यांनी जंगलाकडे पाहिलं. अंतर आणि गुडघे यांचा हिशेब त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसला. ते बसून राहिले.

"पाणी घ्या," ते म्हणाले. "शाल घालू नोका. हात जोडतो."

"भाऊ, एकच राहिली," सासूबाई म्हणाल्या.

"भागीरथाबाई, मी विमान नाई पाडलो."

"थे आमाले मालूम हाय."

"टँक बी नाई."

"एक बी नाई?" ओमेश्वरीबाईंनी विचारलं. पहिला त्यांचा होता.

"एक बी नाई बाई. मी एक गोळी बी नाई चालवली. तेरा रविवार तेच सांगाले उठून राहिलो, तं तुमी बसवून देता." काकांनी हातातली मोहफुलं टोपलीत टाकली. "लढाई तेरा दिवसाची. मी ट्रक घेऊन निघालो, रस्त्यात ट्रक दोनदा बिघडला. चौदाव्या दिवशी पोचलो. पाहतो तं सारं चूप. एक जण म्हणे, कायले आला, सरली. वीस वर्षाचा होतो मी. ट्रकच्या मांगं जाऊन रडलो. पदक तं त्या साली नोकरीत असलेल्या साऱ्यायलेच भेटलं." ते थांबले. "सत्कार असा सरल्यावर पोचणाऱ्याचा नसते."

 मी रजिस्टर उघडून बसले होते आणि काय लिहावं ते कळत नव्हतं. रणगाडे, नदी, विमान नंतरचं; सुरुवात माझीच होती. ओमेश्वरीबाई हळूच म्हणाल्या की मग आधीच्या तेरा शालींचं काय करायचं, आणि काका म्हणाले, बकऱ्यांना विचारा.

मी रुक्माकाकूंकडे पाहिलं. तेरा आठवडे पाठ केलेलं भाषण त्यांच्या तोंडात होतं, आणि त्यातलं एक वाक्यही आता उपयोगाचं नव्हतं. भाषणसुद्धा त्यांचा नंबर आल्यावरच संपलं होतं. त्या शाल छातीशी धरून काकांसमोर गेल्या आणि खाली, मोहफुलांच्या शेजारी बसल्या.

"ट्रकमंधी काय होतं भाऊ?"

"काऊन?"

"अशीच इचारून राहिली."

"कंबल," काका म्हणाले. "कंबलच कंबल. दुसरं काई नाई."

"तवा थंडी होती का?"

"डिसेंबर होता बाई. बोटं वाकत नोहोते."

"मंग तुमी पोचले, तवा थंडी सरली होती का?"

 चोपन्न वर्षांत हा प्रश्न काकांना कुणी विचारला नसावा. त्यांनी स्वतःलाही विचारला नसावा.

"नाई," ते म्हणाले. "थे तं होतीच."

"मंग टायमावरच पोचले ना," रुक्माकाकू म्हणाल्या.

त्यांनी शाल उलगडली. काकांनी मान खाली केली. टपावरची खुर्ची सोडायचं कुणाला सुचलं नाही, त्यामुळे मंडळाच्या इतिहासातला हा एकच सत्कार जमिनीवर झाला. टाळीला सुरुवात शालीकरामने केली.

"आता तुमी बोला," सासूबाई म्हणाल्या. चौदा रविवारांत पहिल्यांदाच.

काकांनी दोन शब्द सांगितले. त्याला सव्वा तास लागला. त्यांनी सांगितलं की ते ट्रकच्या मागे रडत होते तेव्हा एक जवान आला, काही न विचारता कंबल ओढून घेतलं, अंगावर टाकलं आणि तिथेच, ट्रकला टेकून, उभ्या उभ्या झोपला. मग दुसरा आला. अंधार पडेपर्यंत त्या ट्रकभोवती झोपलेल्या माणसांची रांग लागली होती आणि काका एकटे जागे होते. ट्रक रिकामा झाला तेव्हा स्वतःसाठी एकही कंबल उरलं नव्हतं, हे त्यांच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

"घ्या, तुमचाबी नंबर आखरीच होता," रुक्माकाकू म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

आभार राहूनच गेले. परतीच्या आधी ठराव झाला: पुढच्या रविवारपासून शालीकराम, आणि नंबर उलटीकडून, म्हणजे चौदापासून. मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा रुक्माकाकूंनी पहिल्यांदा आपलं नाव वर लिहिलेलं पाहिलं आणि मला दोनदा विचारलं की हे खोडायचं तर नाही ना.  परत येताना शालीकराम गाडीत टेकून बसला नाही, गणवेश चुरगळेल म्हणून.

आम्ही निघालो तेव्हा काकांची पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. बापाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, बनियन ओलं झालं होतं आणि वरून लाल जाड शाल.

"बाबा, काढा ना आता थे. बेचाळीस डिग्री हाय."

"राहू दे," काका म्हणाले. "आताच तं घातली."