आसरांना फुटलेली शिंगं

दुपारच्या गपगार घरात मांडणीवरचं ताट सरकलं नि खणकन जमिनीवर आलं. अनुसया जागच्या जागी थबकली. ताटांच्या मागे ती आपल्या वह्या ठेवायची. आज तिथंच पुण्याहून आलेलं पार्सल दडवायला गेली आणि हे झालं. गोधडीवरच्या लेकीनं, कुंदानं, कूस बदलली, पण उठली नाही. तेवढंच नशीब.

पार्सल फोडून तिनं आधी आपलं नाव शोधलं. होतं. ‘कथा : अनुसया मारणे.’ लेक निजली की तेवढ्यात लिहून, सहा वर्षांत तिच्या चार जादूच्या कादंबऱ्या निघाल्या होत्या. ही पाचवी, पण ही चित्रकथा. प्रकाशकांनी मुद्दाम बोलावून सांगितलं होतं, “बाई, जपानात मोठी माणसंसुद्धा चित्रांच्या कादंबऱ्या वाचतात. आपल्याकडं पहिली तुमची.” त्या एका वाक्यावर ती महिनाभर तरंगत होती.

मग तिनं पान उलटलं.

डोहाच्या तळाशी सात अवदसा उभ्या. डोक्यावर शिंगं, लोंबत्या जिभा, अंगावर नको तितक्या तंग चोळ्या. वर ठसठशीत अक्षरं : ‘डोहातले सात असुर!’

असुर? तिनं लिहिलं होतं ‘आसरा’. साती आसरा, डोहातल्या सात बहिणी. तिच्या कासार आंबोली गावातली प्रत्येक लेकुरवाळी त्यांना हिरव्या बांगड्या वाहते. पुण्यातल्या कुणा शहाण्याला शब्द कळला नाही, म्हणून त्यानं तो सुधारला. आणि एकदा असुर म्हटलं की मारणं आलंच. तिच्या गोष्टीतली चंद्रा आसरांच्या मांडीवर बसून बुडालेल्या गावाच्या गोष्टी ऐकायची. इथं ती तलवारीनं त्यांची मुंडकी उडवत होती. स्वस्तातली लाल शाई बोटाला लागली. चुलीतली राख घेऊन तिनं बोटं घासली, पुन्हा घासली.

सोबत चिठ्ठी होती. ‘मुलांच्या उड्या पडताहेत. असुरांचे आणखी दहा भाग द्या. भाषा आम्ही सुधारून घेऊ. सोबतच्या संमतिपत्रावर सही करून उलट टपाली पाठवा, नाहीतर दुसऱ्या लेखकाकडून पुढचे भाग लिहून घ्यावे लागतील.’

“काय वाजलं गं मगाशी?” सासू गोजराबाई वैरणीचा भारा टाकून आत आल्या. त्यांची नजर पुस्तकावर गेली. “आगं बया! ही शिमग्याची सोंगं कुनाची?”

“काही नाही, आत्याबाई. गोष्टीतलं आहे.”

“तुजं नाव हाय न्हवं त्याच्यावर?”

“आहे.”

“मग दे की हिकडं! देव्हाऱ्यात ठिवते. उद्या डोहावर न्हेऊ, आसरांच्या म्होरं. त्येंचीच गोष्ट सांगितली व्हती न्हवं म्या तुला? कुंदीएवढी व्हते, डोहात पडले, तवा एकीनं मला खालनं वर लोटली. ती आली का ह्यात?”

“आली,” अनुसया म्हणाली, आणि जिभेवर राखेची चव आली.

“लई ग्वाड झालं,” म्हणत गोजराबाई हातपाय धुवायला परसात गेल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. पहिल्यांदाच अनुसयाला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची किळस आली.

तिनं पेन उचललं. संमतिपत्रावरच्या ‘असुर’वर काट मारून ‘आसरा’ लिहिलं. मग हसू आलं, कडूजहर. ते पुन्हा सुधारतील. ही सही गेली की पुढच्या दहा पुस्तकांत आत्याबाईंच्या आसरा तिच्याच नावानं कापल्या जाणार. न गेली तर कापणारा दुसरा असेल, आणि तिचं लिहिणं पुन्हा ताटांमागच्या वह्यांपुरतं. तिनं कागदाची घडी घातली नि चुलीत सरकवली. त्याला जाळ धरेपर्यंत ती बघत राहिली. बोटांना लागलेला शाईचा वास मात्र जाईना.

मागं पान फडफडलं. कुंदा कधी उठली कोण जाणे. पुस्तक मांडीवर घेऊन, बोट ठेवत ठेवत अक्षरं जुळवत होती. “अ… सु… र.” तिनं शेवटचं चित्र नीट न्याहाळलं, मग वर बघितलं.

“आई, आजीला वर लोटलं ती ह्यातली कुठली गं? तिला तू का मारलंस?”