‘दुधी काच’चं मधलं पान

दिवाळी अंकाच्या तोंडावर वाचकांना प्रश्न विचारायची अवदसा हेरंबराव गुप्त्यांना कुठून आठवली, कोण जाणे. ‘तुम्हांला आमच्याकडून नेमकं काय हवंय?’ असं त्यांनी पावसाळी अंकाच्या शेवटच्या पानावर छापलं आणि खाली घरचा फोन नंबर दिला. झालं! पुढचा महिनाभर फोनला दम म्हणून नाही. आणि फोन घ्यायचं काम अर्थातच त्यांच्या पत्नीचं, अहल्याबाईंचं.

‘दुधी काच’ हे मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांना वाहिलेलं मराठी त्रैमासिक. मोठ्या फिल्मचा कॅमेरा म्हणजे तो भात्याचा, लाकडी घोडीवर उभा असलेला, ज्याच्यामागे माणूस काळ्या कापडात डोकं खुपसतो आणि मागच्या दुधी काचेवर जग उलटं बघतो. वहीच्या पानाएवढी एकेक फिल्म, आणि एका फोटोला अर्धा तास. खिशात मोबाइल असताना असला उपद्व्याप करणारी माणसं असून असून किती असणार? पण जी होती ती कडवी होती. हेरंबरावांची सगळी नोकरी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात इंजिनांच्या भागांचे फोटो काढण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये त्यांनी हा अंक सुरू केला. जोशी-देशपांडे पेन्शनीत पडले की भजनी मंडळात जातात, हे छापखान्यात गेले.

वाचकांची उत्तरं वाचकांसारखीच तऱ्हेवाईक आली. सांगलीच्या एका डॉक्टरांना जुन्या जर्मन लेन्सांची माहिती हवी होती. नाशिकच्या एका बाईंना भात्याला पडलेली भोकं बुजवायची युक्ती हवी होती. संपादकीय निम्म्यावर आणा, असं म्हणणारेही बरेच निघाले, आणि ते अहल्याबाईंनी टिपून ठेवून नवऱ्याला फार चवीने वाचून दाखवलं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. मधलं पान आहे तसंच ठेवा. मधल्या पानावर फिल्मच्या मापाचा एकच फोटो असे, खाली एक अक्षर नाही. लोक ते पान काढून भिंतीला लावत.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना हवी होती. ती अहल्याबाईंनी नवऱ्याला सांगितलीच नाही. ती सांगितली बळवंतराव मान्यांनी. बळवंतराव वासण्याचे, पहिल्या अंकापासूनचे वर्गणीदार आणि हेरंबरावांचे दोस्त. आजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे नातवाने मिशा तेवढ्या राखल्या होत्या.

“अरे, मी स्वतः फोन केलेला ने,” बळवंतराव म्हणाले. “म्हटलं, वहिनी, मधल्या पानावर एकदा तुमचा फोटो टाका. तर मला म्हणतात, तुम्ही असं म्हणणारे कितवे माहीत आहे का? आणि हसून फोन ठेवला.”

ते खरंच होतं. फिल्म बिघडली म्हणून रडकुंडीला आलेल्या माणसाला संपादकापेक्षा वहिनी बऱ्या वाटत. हेरंबराव चुका काढत, वहिनी आधी चहा घ्या म्हणत आणि मग चूक सांगत. इतकी वर्षं लोकांनी त्यांचा आवाज ऐकला होता, तोंड बहुतेकांनी पाहिलं नव्हतं.

हेरंबराव घरी आले. त्यांच्या ध्यानात आलं की आपणही अहल्येचा फोटो या कॅमेऱ्यावर कधी काढलेला नाही. लग्नकार्यातले होते, मोबाइलवरचे होते, डोळे मिटलेले, घास तोंडात असलेले. पण मोठ्या फिल्मवर एकही नाही. कोणाचाही फोटो काढायचा असला की आधी तिला खुर्चीत बसवायचं, तिच्या नाकावर लेन्स जुळवायची, मग तिला उठवून त्या माणसाला बसवायचं, अशी घरची पद्धत. दुधी काचेवर त्यांनी तिला शेकडो वेळा पाहिलं होतं, उलटी. फिल्मवर उमटायची वेळ आली की ती उठलेली असायची.

“बसशील का?” त्यांनी विचारलं.

अहल्याबाई गेल्या वर्षापासून यकृताच्या विकाराने आजारी होत्या. आता करण्यासारखं काही उरलं नाही, असं डॉक्टरांनी श्रावणातच सांगितलं होतं. चेहरा पिवळा पडला होता, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

“बसते,” त्या म्हणाल्या. “वाचकांना हवंय म्हणून बसते. तुमच्यासाठी केव्हाच बसले असते, पण तुम्ही कधी म्हणालात?”

माणूस बायकोला गृहीत धरतो ते काही दुष्टपणाने नाही, पण म्हणून ते कमी वाईट ठरत नाही.

घरात फिल्म दोनच उरल्या होत्या. त्या अहल्याबाईंनी स्वतः अंधाऱ्या न्हाणीघरात बसून होल्डरमध्ये भरल्या, कारण हेरंबरावांच्या हातांना घाम येई आणि हे काम पहिल्यापासून बाईंकडेच होतं. होल्डर म्हणजे पाटीसारखी चपटी चौकट. दोन बाजूंना दोन फिल्म, आणि प्रत्येक फिल्मवर वर ओढून काढायचं एक पातळ झाकण. झाकणाची कड एका अंगाने पांढरी, दुसऱ्या अंगाने काळी. साऱ्या जगाचा रिवाज असा, की पांढरी कड दिसली तर फिल्म कोरी, काळी दिसली तर फोटो काढून झालेला. या घरात नेमकं उलटं होतं. नव्या लग्नात हेरंबराव फिल्म भरायला एका वाक्यात शिकवून ड्यूटीवर गेले, आणि कडांचं काय ते बाईंनी आपल्या मनाने ठरवलं. फिल्मने उजेड पाहिला की पांढरं, तोवर काळं. हेरंबरावांनी दोनदा समजावलं, दोनदा भांडण झालं, तिसऱ्यांदा त्यांनी हात टेकले. घरात दोन माणसं, दोघांना कळलं की पुरे.

गंमत अशी की दरवर्षी नवशिक्यांच्या पानावर हेच हेरंबराव ठळक अक्षरांत छापत, ‘पांढरी म्हणजे कोरी, काळी म्हणजे झालेली. यात हयगय केलीत की मेलात.’ लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सकाळच्या उन्हात बाल्कनीच्या दाराशी खुर्ची मांडली. अहल्याबाईंनी हिरवं लुगडं नेसलं, मोत्याच्या कुड्या घातल्या. हेरंबराव कापडाखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

“अहो, जुळवताय की झोपलात?” त्या म्हणाल्या.

ते रडत होते. ते कापडाखाली असल्यामुळे दिसलं नाही, आणि दोघांनीही ते तसंच राहू दिलं. मग त्यांनी फोटो काढला. झाकण पांढरी कड वर करून परत सरकवलं. दुसऱ्या बाजूला वळणार एवढ्यात त्या म्हणाल्या, “आज पुरे. राहिलेली उद्या.”

उद्या उजाडला आणि त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या गेल्या.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. कॅमेरा हॉलमध्ये तसाच उभा होता, होल्डर त्याच्याशेजारी स्टुलावर. फिल्म धुवायचं हेरंबरावांना धाडस होईना. एकदा धुतली की संपलं, पुन्हा तिचं काही यायचं राहिलेलं नसणार, असं त्यांना वाटे. शेवटी बळवंतरावच एका दुपारी डबा घेऊन आले.

“केम छे?” त्यांनी दारातूनच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत आले. “हेरंब, चाल ऊठ. छापखानेवाला थांबलाय.”

“या वेळी अंक नाही काढायचा.”

“असं कसं? वहिनींनी मला फोनवर सांगितलेलं, फोटो काढून झालाय म्हणून. लोक वाट बघतायत, बापा.” बळवंतरावांनी होल्डर उचलला. “यात आहेत का?”

“एका बाजूला अहल्या आहे. दुसरी कोरी आहे.”

“कोरी आहे? मग तूही बस. त्याच खुर्चीत. पान उघडलं की इकडे वहिनी, तिकडे तू. जोडीने जाऊ दे अंकात.”

हेरंबरावांना ते आवडलं. किती दिवसांनी काहीतरी आवडलं होतं. त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला, काचेवर उजेड चमकतो म्हणून चष्मा काढला आणि ती बसली होती तिथे जाऊन बसले. समोर सगळं धुरकट होतं. बळवंतराव होल्डर डोळ्यांशी नेऊन दोन्ही कडा उलटसुलट करून निरखताहेत, एवढं त्यांना दिसलं. हा किती काळजी घेतो, असं त्यांच्या मनात आलं. ती बसली होती तेव्हा तिला समोर काय दिसलं असेल, या विचारात ते गढून गेले. खटका वाजला आणि फोटो झाला.

मग हेरंबराव न्हाणीघरात शिरले. दाराखालच्या फटीत बाहेरून टॉवेल कोंबायचं अहल्येचं काम बळवंतरावांनी केलं. मिट्ट अंधारात हाताने चाचपत त्यांनी दोन्ही फिल्म एकेका तबकात धुतल्या आणि मग दिवा लावला.

पहिली फिल्म कोरी होती. स्वच्छ, काचेसारखी. त्यावर काहीच नव्हतं.

त्यांनी दुसरी उचलली. तिच्यावर दोन माणसं होती. एकाच खुर्चीत, एकमेकांत घुसलेली. हेरंबरावांचा चेहरा तिच्या चेहऱ्यावर चढला होता, तिचे डोळे त्यांच्या मिशीत बुडाले होते. पांढऱ्या सदऱ्याने तिचे हात, पदर, सगळं खाऊन टाकलं होतं. तिचा एक कान तेवढा मोकळा राहिला होता, आणि त्या कानातली कुडी इतकी रेखीव आली होती की मोती न् मोती वेगळा दिसत होता. तिचा चेहरा असाच आला असणार. त्यावर ते स्वतः जाऊन बसले होते.

एक क्षण त्यांना वाटलं, दार उघडावं आणि बळवंताच्या मुस्कटात मारावी. पण दाराच्या कडीला हात लावता लावता त्यांना कळलं. बळवंताने पांढरी कड पाहिली आणि कोरी समजला. काळी पाहिली आणि त्यात वहिनी आहेत म्हणून तिला हातही लावला नाही. कोरी फिल्म त्याने जिवापाड जपली होती. तो चुकला नव्हता. या घरातली रीत त्याला सांगायला हवी होती ती दोन माणसांनी, त्यांतलं एक गेलं होतं आणि दुसरं पोज देत बसलं होतं.

“हेरंब,” बाहेरून आवाज आला. “वहिनी आल्या ना?”

हेरंबरावांनी उभ्या आयुष्यात कोणाचा खराब फोटो बरा म्हटलेला नव्हता. त्यासाठी माणसं तोडली होती.

“आली,” ते म्हणाले.

“कशा आल्यात?”

“होती तशी.”

बाहेरून बळवंतरावांचं हुंदके देणं ऐकू आलं. म्हातारा माणूस दाराला टेकून लहान मुलासारखा रडत होता. “मला फार भीती वाटत होती रे. माझ्या हातून वहिनींच्या फिल्मला काही झालं तर? सकाळी निघताना तुझं ते नवशिक्यांचं पान पुन्हा वाचून आलो. पांढरी म्हणजे कोरी, म्हटलं, बळवंता, नीट बघ.”

हेरंबरावांनी ओली फिल्म तबकात पुन्हा बुडवली आणि नळ सोडला, आपला आवाज ऐकू जाऊ नये म्हणून.

दिवाळी अंक निघाला. मधल्या पानावर वर्कशॉपातल्या एका इंजिनाचं चाक होतं. बळवंतराव अंक घेऊन तणतणत आले. वहिनी कुठे आहेत, निदान मला तरी दाखव, म्हणाले. हेरंबराव नाही म्हणाले. पुन्हा आले, पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा बळवंतराव दारातच उभे राहिले. “आम्ही कोणी परके होतो का रे?” असं विचारून ते जिना उतरले, आणि मग त्यांची स्कूटर सोसायटीत दिसेनाशी झाली. खरं सांगितलं असतं तर दोस्त राहिला असता, पण तो पुढे सुखाने झोपला नसता. हेरंबरावांनी त्याची झोप राखली आणि त्याला गमावलं. ते त्यांना फार लागलं, पण त्यांनी आपला नकार पालटला नाही.

फोन पुन्हा सुरू झाले. आता ते हेरंबरावांनाच घ्यावे लागत. सांगलीच्या डॉक्टरांनी तर फैलावरच घेतलं.

“फोटो काढलाय असं वहिनी मला स्वतः म्हणाल्या होत्या. मग तो छापला का नाहीत?”

“तो मला एकट्याला ठेवायचा होता,” हेरंबराव म्हणाले. हे उत्तर आता त्यांना पाठ झालं होतं.

“आप्पलपोटे आहात! काय हवंय म्हणून आम्हांला विचारलंत कशाला मग? माझी पहिली फिल्म जळाली तेव्हा तासभर बोलत होत्या माझ्याशी.” डॉक्टरांचा आवाज खाली आला. “जास्त काही मागितलं नव्हतं हो. त्यांना एकदा नीट बघायचं होतं, बस.”

“मलाही,” हेरंबराव म्हणाले. पण तोवर डॉक्टरांनी फोन ठेवला होता.