डावा कान

हवालदार तोफखान्यातून निवृत्त झाले तेव्हा उजवा कान तिथेच ठेवून आले होते. त्या कानापोटी अपंगत्व पेन्शनचे टक्के मिळाले, ते रास्तच होतं. पण वकील म्हणाला, "डावाही गेलाय असं दाखवू. अपील केलं की टक्के वाढतील. फक्त घरातसुद्धा तसंच वागा, म्हणजे तपासणीत गडबड व्हायची नाही."

डावा कान ठणठणीत होता. तरी त्यांनी अपील केलं आणि घरात बहिऱ्याचं सोंग सुरू झालं. दाराची घंटा वाजली तरी ढिम्म. बायको आधी वैतागली. "त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं!" म्हणाली. मग मात्र समोर येऊन, खांद्याला हात लावून, एकेक शब्द सुटा बोलायला लागली. तिची ती माया पाहून हवालदारांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी तिची थोरली बहीण आली. हवालदार खिडकीशी पेपर वाचत होते, बायको शिलाई मशीनवर होती.

"ताई, छातीत गाठ लागतेय गं," ती म्हणाली.

ताईने दचकून हवालदारांकडे पाहिलं.

"बोल बिनधास्त, त्यांना कुठलं ऐकू येतंय! म्हणून तर सांगितलं नाही. डॉक्टर काय म्हणतात तेही कळायचं नाही बिचाऱ्यांना. उगाच जिवाला घोर."

हवालदारांना उठून तिच्याजवळ जावं असं वाटलं. पण उठले तर सोंग उघडं पडणार. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पेन्शन कार्यालयात गेले. कारकुनाने फाइल पाहिली आणि मोठ्याने ओरडला, "काका, सुनावणीला वेळ आहे अजून!"

"हळू बोला. ऐकू येतं मला. अपील मागे घ्यायचंय."

कारकून बघतच राहिला. "कारण काय लिहू?"

"खोटं होतं, असं लिहा."

"नको काका, अंगाशी येईल. 'स्वेच्छेने' लिहितो."

त्याची ती दयासुद्धा झोंबली. हवालदारांनी मान वर न करता सही केली.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे काल ऐकलंत तुम्ही?"

"हो."

"आणि गप्प बसलात? पान उलटून?"



गाठीच्या तपासणीला ती ताईला घेऊन गेली. यांना 'चला' म्हणाली नाही. ते आपणहून मागोमाग गेले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. गाठ साधी निघाली. तेही ताईनेच येऊन सांगितलं, "भाऊजी, काळजीचं काही नाही." हवालदारांना तिथेच रडू कोसळलं. मागून आलेल्या बायकोने ते पाहिलं, डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली आणि म्हणाली, "औषधं आणा."

पुढे कितीतरी दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. हवालदार ते मुकाट्याने सोसत राहिले.