विरिडिस

बहारीनमध्ये, जनाबियातल्या आमच्या अंगणात दुपारचं ऊन कलू लागलं, की भिंतीच्या कडेला उगवलेल्या रानमाठाच्या पानांतून उजेड पाझरतो आणि मला आप्पांची दोन बोटं आठवतात. माझ्या वडिलांनी आयुष्यभर सावंतवाडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. पान ते देठाशी असं धरत, जणू त्याची नाडीच बघताहेत.

"अमरँथस विरिडिस," ते म्हणत. विरिडिस म्हणजे हिरवा. आपलं हिरवा, हिरवी, हिरवं. लॅटिनमध्ये पुल्लिंगाला आणि स्त्रीलिंगाला एकच विरिडिस, नपुंसकलिंगाला तेवढं विरिडे. कुणी शब्दाचा शेवट चुकवला, की तोंडात घास असला तरी आप्पा दुरुस्त करायचे. आई म्हणायची, "यांच्यापुढे झाडसुद्धा चुकून वाढायचं नाही."

आई गेल्यावर मी त्यांना इथे, बहारीनला आणलं. गेल्या उन्हाळ्यात, हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटायची त्या दिवसांत, त्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि वाचा गेली. महिनाभराने एकच शब्द परतला. माठाचं पान बघून ते म्हणाले, "विरिडिस."

माझी लेक इरा उड्या मारत ओरडली, "आजोबा, फ्रेंचमध्ये वेर! स्पॅनिशमध्ये व्हेर्दे! सेम फॅमिली!" परदेशी गेलेल्या नातवंडांची खुशाली ऐकावी तसे आप्पा हसले, अर्ध्याच ओठांनी, पण हसले.

स्पीच थेरपिस्ट म्हणाली होती, "घर की भाषा में ज़्यादा बात कीजिए." मी अतिशहाणी. लॅटिन घरची नव्हे, हे माझं मीच ठरवलं. ते विरिडिस म्हणाले, की मी लगेच, "नाही आप्पा. हिरवा. हि-र-वा म्हणा." एकदा नाही, रोज दहादा. त्यांची नजर माझ्याकडून पानाकडे जाई आणि पुन्हा माझ्याकडे येई. तीन आठवड्यांनी ते गप्प झाले. हिरवा आलाच नाही, विरिडिसही गेला. त्यांना उरलेला एकुलता एक शब्द मी माझ्या हातांनी काढून घेतला, हे मला अजून सहन होत नाही.

आता सूर्यास्ताला मगरिबची अजान झाली, की मी त्यांच्या खुर्चीशी बसते आणि पान देठाशी दोन बोटांत धरते.

"आप्पा, विरिडुस," मी म्हणते. "विरिडुस, विरिडा, विरिडुम."

सगळे शेवट चुकीचे. इरा माझ्याकडे बघते. आप्पा पानाकडे बघत राहतात. भिंतीवरचा उजेड विझत जातो, माणूस समोर बसलेला असतानाच त्याची आठवण येऊ लागते. आणि मी रोज मुद्दाम चुकते, ते दुरुस्त करतील म्हणून थांबून राहते.