सुऱ्याचा उत्तररंग

मोरू लोहाराची ऐरण त्या दिवशी संध्याकाळपर्यंतच चौल गावात राहायची होती. भंगारवाला टेम्पो घेऊन येणार होता. मोरूच्या बायकोनं, जनीनं, त्याला फोनच केला होता. थंडीत मोरूचं उजवं अंग गेलं, सोबत वाचाही गेली. पोरीनं, कल्पितानं, भाता हाती घेतला खरा, पण तिच्या हातचा कोयता न्यायला वाडीतलं कुणी धजेना.

"दयारामकाकांनी सुरा पसंत केला तर ऐरण हलवायची नाही," एवढं मात्र कल्पितानं आईकडून कबूल करून घेतलं होतं.

दयाराम एकेकाळचा शिकारी. शिकार बंद झाली, आणि ज्या हातानं जनावरं लोळवली त्याच हातानं तो फाशात अडकलेली जनावरं सोडवू लागला. देवच असली कामं सोपवतो एखाद्याला. मोरूनं घडवलेला त्याचा शिकारी सुरा झिजून झिजून सुरी झाला. मग घेतलेला बाजारातला चकचकीत सुरा परवा फाशाचा खुंट उचकटताना मुठीशीच मोडला. बिचारं भेकर दोर तुटेस्तोवर धडपडत राहिलं. म्हणून आता कल्पिताचा सुरा.

दयाराम आला तो काथ्याचा भिजवलेला जाड दोर खांद्यावर घेऊनच. मोरूच्या खाटेपाशी बसला. दोघं जन्माचे सोबती. देवळातल्या कीर्तनात एकाच्या हाती झांज, दुसऱ्याच्या हाती टाळ.

"काय मोरू, पोरीची परीक्षा घेऊ ना? आधी पूर्वरंग."

सुरा दोरावर फिरला. एक पेड, दुसरा पेड, तिसरा. दोर लोण्यासारखा सुटत गेला. पुन्हा कापला, पुन्हा, दोराचे तुकडे पायाशी साचले. मग दयारामनं पातं मनगटावर अलगद फिरवलं, तर केस साफ.

"वा गं पोरी! धार गातेय तुझी."

कल्पिताचा जीव भांड्यात पडला. पण दयाराम उठला.

"लोक इथंच माना डोलावतात आणि घरी जातात. खरा कस उत्तररंगात."

त्यानं सुऱ्याचं टोक आंब्याच्या ओंडक्यात रोवलं आणि मूठ आडवी रेटली. 'टण्' आवाज झाला. बोटभर टोक ओंडक्यातच राहिलं.

जनीनं पदरानं तोंड पुसलं आणि फोन हातात घेतला. टेम्पो निघाला का, हेच विचारायचं असणार.

"बा, तू करायचास तसंच केलं रे," कल्पिता रडवेली झाली. "पाणी दिल्यावर पातं काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून तापल्या वाळूत शेकलं. वेळ मोजायला, तू मनात म्हणायचास तो गजर म्हणत. पाच आवर्तनं, तुझ्यासारखीच."

"म्हण बघू कसा म्हटलास," दयाराम म्हणाला.

कल्पितानं डोळे पुसून सुरू केलं. "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी..."

खाटेवरून एक घुसमटलेला आवाज आला. मोरू डावा हात हलवून नको नको म्हणत होता. मग तोच हात त्यानं मांडीवर टेकवला. एक थाप. बराच वेळ गेला. दुसरी थाप. लोक अजून देवळात येताहेत, सतरंजीवर सरकून जागा करताहेत, तेव्हाची ती लय.

जनीच्या हातातला फोन तसाच राहिला. तिला एकदम हसू फुटलं. "अगं भवाने! जन्मभर प्रसादाच्या वेळी देवळात पोचलीस. शेवटी सगळे उभे राहून नाचताना भरभर म्हणतात तेवढाच गजर तुझ्या कानावर! पातं शेकणार कधी? तुझा गजर तर आधीच आरतीला पोचला!"

दयाराम खो खो हसला. "व्हय रं मोरू! आपुन दोगं तिथं बसलेलो पैल्यापासून, ही यायची लाडवाला!"

कल्पिताही हसली, आणि हसता हसताच उठली. गाडीच्या जुन्या कमानपाट्याच्या एकाच तुकड्यातून तिनं दोन पाती काढली होती. दुसरं पाणी देऊन, पण अजून न शेकता, मुठीवाचून पडलं होतं. ते घासून लख्ख केलं, कढईतली वाळू पुन्हा तापवली, पातं तिच्यात ठेवलं. मोरूची थाप, दयारामची टाळी, मध्ये कल्पिताचा आवाज. घाई जिभेवर यायची, तशी बापाची थाप तिला मागं ओढायची. पात्यावर आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला, मग तपकिरी, मग कडेला जांभळी झाक. शेवटचं आवर्तन संपलं तेव्हा जनीही गुणगुणत होती.

पातं निवल्यावर मूठ बसवली, धार लावली. या खेपेला दोरावर सुरा जरा जास्त ओढावा लागला. केसही दुसऱ्या फेरीत निघाले. कल्पिताचा चेहरा उतरला.

"असू दे. फार गोड गाणाऱ्याचा गळा लवकर बसतो," म्हणत दयारामनं सुरा ओंडक्यात रोवला आणि सगळं अंग टाकून रेटला. पातं वाकलं. कल्पितानं डोळे मिटले.

'टण्' आलाच नाही. हात सोडताच पातं सरळ उभं राहिलं.

दयारामनं ते उपसलं, टोक अंगठ्यानं चाचपलं आणि म्यानात घातलं. मग भट्टीच्या कडेची काजळी बोटावर घेतली, बुक्का लावावा तशी कल्पिताच्या कपाळी लावली.

"वाडीतले कोयते मी उद्या स्वतः घेऊन येतो. बघतो कोन न्हाय म्हनतो ते."

मोरूची थाप अजून थांबली नव्हती. जनी फोन कानाला लावून अंगणात गेली. "टेम्पो परत फिरव रे भाऊ," ती सांगत होती, "आमच्याकडं भंगार काही नाही."