ओल कुठून आली?

मी एक जुनी रबराची पट्टी आहे. गाडीच्या दाराच्या चौकटीला कडेकडेने बसवलेली असते ना, तीच. तुमचे लक्ष माझ्याकडे जात नाही, पण माझे तुमच्याकडे असते. मित्रांनो, आधीच सांगते, माझा स्वभाव संशयी आहे. वारा, पाणी, धूळ, सगळे आत शिरायला टपलेले असतात. कोणावरही विश्वास न ठेवणे हीच माझी नोकरी होती.

कारखान्यात मला गरमागरम साच्यातून ओढून काढले आणि पोटात पोकळ ठेवले. दार लावले की मी दबायचे, उघडले की पुन्हा फुलायचे. हे जमते तोवरच पट्टीला किंमत. एका निळ्या गाडीत चालकाच्या दाराला माझी नेमणूक झाली. गाडी होती शिलाई मशिने दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांची. रोज सकाळी हत्यारांची पेटी मागच्या सीटवर ठेवून ते कपडे शिवण्याच्या कारखान्यांत जात. नुसता आवाज ऐकून ते मशीनचे दुखणे सांगत.

फक्त आजोबांवर मी कधी संशय घेतला नाही. दर रविवारी ते खिशातून छोटी बाटली काढत, फडक्यावर मशीनचे तेल घेत आणि मला नखशिखांत चोळत. "तेलपाणी वेळेवर झालं की काहीही टिकतं," असे सुनेला सांगत. बाकीच्या दारांवरही हात फिरे, पण चालकाचे दार म्हणून माझे लाड जरा जास्त. मी काळीभोर चमकायचे आणि फुशारून जायचे.

गॅरेजवाल्या बाई मात्र मला डोळ्यांसमोर नको असत. गाडी तपासायला आल्या की दोन बोटांत मला चिमटून बघत आणि "हं" म्हणत. त्या "हं"मध्ये काहीतरी काळेबेरे आहे, ही बाई मला उपटून फेकणार, असे मी मनाशी पक्के केले होते.

एकदा दुपारभर पाऊस पडला आणि चालकाच्या पायाखालची चटई भिजली. आजोबांच्या मुलाने विचारले, "बाबा, काच उघडी राहिली का?"

"नाही रे, लावली होती मी."

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. या वेळी आजोबा थोडे थांबून म्हणाले, "राहिली असेल." त्यांच्या आवाजात स्वतःवरच संशय होता. त्या दिवसापासून ते गाडीतून उतरले, की काच बघत, चार पावले जात आणि परत येऊन पुन्हा बघत.

तिसऱ्यांदा चटई भिजली, तेव्हा मुलगा दाराशीच उभा राहिला. "बाबा, किल्ली द्या. आज काच विसरलात, उद्या ब्रेक विसरलात तर?"

आजोबांनी किल्ली दिली, मागच्या सीटवरची पेटी उचलली आणि जिन्याकडे निघून गेले.

मी काचेवर संशय घेतला, बिजागरीवर घेतला, पावसावर तर घेतलाच. मग खालच्या कोपऱ्यात स्वतःकडे पाहिले. तिथे मी सुजले होते, मऊ पडले होते, दबले की उठतच नव्हते. पाणी माझ्याच अंगावरून आत ओघळत होते. चोर मी होते आणि शिक्षा आजोबांना झाली होती. सांगायला मला तोंड नव्हते.

दोन दिवसांनी सून गाडी घेऊन निघाली. समोरच्या काचेवरची ऊन अडवणारी झडप खाली ओढताच एक चिठ्ठी तिच्या मांडीवर पडली. अक्षर आजोबांचे होते: "चार वाजता काच लावली. दोनदा पाहिली." तारीख तिसऱ्यांदा चटई भिजली त्या दिवसाची होती. तिने ती पुन्हा वाचली आणि गाडी थेट गॅरेजकडे वळवली.

गॅरेजवाल्या बाईंनी तीच चिठ्ठी दाराच्या फटीत धरली, दार लावले आणि ओढली. ती अलगद बाहेर आली.

"कागद अडकायला हवा होता," बाई म्हणाल्या. "बसा आत. काच लावलीय ना? पाणी मारते." क्षणभरातच सुनेचे बूट भिजले.

बाईंनी मला चिमटले, बोटे नाकाशी नेली. "मशीनचं तेल? अहो, तेलानं रबर फुगतं आणि ढिलं पडतं. साबणाच्या पाण्यानं पुसायचं, कोरडं करायचं आणि रबरासाठीची सिलिकॉन ग्रीस लावायची, तीही बोटाला लागेल एवढीच."

माझ्या जागी नवी पट्टी आली. मला पुरावा म्हणून घरी नेले. मुलाने सगळे ऐकले, मान खाली घातली आणि किल्ली आजोबांच्या हातात ठेवली. "चुकलं माझं, बाबा."

आजोबांनी मला उलटसुलट करून पाहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "म्हणजे हिला मीच बिघडवली?"

"हो," सून हसून म्हणाली.

"मग हा गुन्हा कबूल," आजोबा म्हणाले. "पण विसरलो नव्हतो मी."

आता मी त्यांच्या कामाच्या टेबलामागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते. ज्या गॅरेजवाल्या बाईंचा मी राग राग केला, त्यांनीच माझ्या आजोबांना सोडवले. मित्रांनो, अधूनमधून दाराच्या पट्टीवरून ओले फडके फिरवा, दारात चिठ्ठी धरून ओढून बघा, आणि तेल मशीनलाच द्या. तरीही कधी गाडीत ओल दिसली, तर संशय आधी माझ्यावर घ्या, माणसावर नंतर. मला संशयाची सवय आहे. आजोबांना नव्हती.